एका दोरीवरचे पाळणे

"बाई, हे मूल शनिवारपर्यंत वजनात वाढलं नाही, तर पाळणाघरातून काढा. इथे काही बरंवाईट झालं तर बोल मिलला लागेल," मॅनेजरसाहेब म्हणाले आणि निघून गेले.

मी तेव्हा सोलापुरातल्या एका कापडमिलच्या पाळणाघरात नर्स होते. कामगार बायका शिफ्टला जाताना तान्ही मुलं आमच्यापाशी ठेवत. साहेबांना नको झालेला तो बिरू, सूतखात्यातल्या गंगाचा मुलगा. गंगा नातेपुत्याकडची धनगरीण. दुष्काळात मेंढरं गेली, नवरा अंथरुणाला खिळलेला, मिळवती ती एकटीच. बिरूला काढलं की तिचं काम सुटणार, आणि बिरू तर आधीच हाडांचा सापळा झालेला.

तो रडत नसे. पाळणाघरातल्या आयेला त्याचं भारी कौतुक. "लई शाणं पोर हाय," म्हणायची. मला त्या शहाणपणाचीच धास्ती वाटे. रडून कोणी येत नाही हे कळलं, की तान्हं मूल रडणंच सोडून देतं.

येणार तरी कोण? आमचे सगळे पाळणे एका लांब दोरीला बांधलेले. आया कोपऱ्यात बसून दोरी ओढायची, की ओळच्या ओळ हलायची. कल्पना साहेबांची. साचे, म्हणजे माग, एका पट्ट्यावर चालतात, तसेच त्यांनी पाळणे चालवले होते. वर नियम, मुलांना उगाच उचलायचं नाही, अंगाची सवय लागते.

मी बिरूला तपासलं. ताप नाही, हगवण नाही. गंगा मधल्या सुट्टीत येऊन पाजायची, तेव्हा मात्र दोन घोट घेऊन झोपायचा.

"घरी कसा असतो गं?"

"घरी बरा ऱ्हातो की. सुट्टीदिशी पाठीला बांधूनच कामं करती. दूध बी वडून पितो. हितं आला की मान टाकतो बगा."

"उद्या तुझं एक जुनं लुगडं आण."

दुसऱ्या दिवशी मी बिरूला त्या लुगड्यानं छातीशी घट्ट बांधलं आणि कामाला लागले. दुपटी बदलणं, डोळ्यांत औषध घालणं, सगळं त्याच्यासकट. संध्याकाळी कंबर धरली. आया हसली, "बाई, धनगरीण झालासा की!"

"झाले!" मी म्हटलं.

एक-दोन दिवसांत तो माझ्या तोंडाकडे बघायला लागला. मग एकदा खाली ठेवलं, तर असा टाहो फोडला की सगळं पाळणाघर जागं झालं. इतका आनंद मला परीक्षा पास झाल्यावरही झाला नव्हता. त्या दुपारी तो आईला पोटभर प्यायला.

नेमके साहेब आले. "हे काय सोंग? नियम माहीत नाही?"

"आहे. पण शनिवारही तुम्हीच दिलाय."

"अंगाची सवय लागेल त्याला!"

"दुधाचीही लागते साहेब. ती कुठे आपण मोडतो?"

शनिवारी सूत तोलायच्या काट्यावर बिरूला ठेवलं. गंगा पदर तोंडाशी धरून उभी. वजन चांगलंच वाढलं होतं.

"काटा बिघडलाय," साहेब म्हणाले. सुताचं बंडल आणून त्यांनी तोलून पाहिलं. काटा अगदी बरोबर होता. गंगानं बिरूला उराशी धरलं आणि ती रडू लागली.

"मग? आता तुमचं काय म्हणणं?" साहेबांनी मला विचारलं.

"दोरी सोडायची. आणि मुलांना घ्यायला आणखी दोन आया."

"दोन? एक देतो."

"चालेल," मी म्हटलं. मला एकच हवी होती.

वर्षभरात आमच्याकडची मुलं अशी गुटगुटीत झाली, की दुसऱ्या मिलवाले बघायला येऊ लागले. "मुलांना कडेवर घ्यायची पद्धत आम्ही सुरू केली," साहेब त्यांना ऐटीत सांगत. मी मागे उभी राहून ऐकायची. वरच्यांकडून चांगलं काम टिकवून घ्यायचं, तर ते त्यांचंच आहे असं त्यांना खुशाल वाटू द्यावं. माझं काय अडलं होतं? बिरू माझ्या कडेवर बसून माझेच केस ओढत असे.