तांबड्याचा तंग

थोरल्या जावेने बावीस वर्षं तबेला सांभाळला. घोडेस्वारी शिकायला लोक यायचे आणि ती घोडे तयार करून द्यायची. तिची रीत ठरलेली: आधी दावं कडीला, मग खरारा, मग खोगीर. तांबड्याला तर दोन दावी लागत. पोटाखालचा पट्टा, म्हणजे तंग, आवळायला घेतला की तो कान पाडून चावायलाच यायचा. "तो तसलाच आहे, माझ्याशिवाय कुणाला आवरत नाही," असं ती येणाऱ्याजाणाऱ्याला कौतुकाने सांगायची.

मग धाकटी जाऊ शिवणकाम सोडून तबेल्यात आली. वर्षभरात ती त्याच तांबड्याला भर अंगणात, दोरी नुसती कोपरावर टाकून, खोगीर चढवू लागली. तो हलला की खोगीर उतरवायची, त्याला एक फेरी मारून आणायची आणि पुन्हा चढवायची. बघणारे म्हणत, "धाकटीच्या हाताला गुण आहे."

थोरलीच्या पोटात दुखू लागलं.

"हिने शिवलेल्या बाहीत कधी कुणाचा हात शिरला नाही," ती नवऱ्याला म्हणाली, "आणि इथे मोठी उस्ताद झालीय."

"मग तूही करून बघ की," त्याने पेपरातून डोकं न काढता म्हटलं. ते तिला जास्तच झोंबलं.

एका दुपारी धाकटी दाताच्या डॉक्टरकडे गेल्यावर थोरलीने तांबड्याला मोकळाच बाहेर आणला. पाठीवर खोगीर त्याने घेऊ दिलं, पण तंगाला हात लागताच चालू पडला. असं पाच वेळा झालं. सहाव्यांदा खोगीर घसरून चिखलात पडलं आणि स्वारी गवताच्या गंजीकडे निघून गेली. खोगीर पुसत असताना तिला फाटकात धाकटी दिसली, एक गाल टम्म सुजलेला.

"हसून घे," थोरली म्हणाली.

"हसता कुठे येतंय," धाकटी गाल धरून पुटपुटली. "ताई, तुम्ही तंग एका दमात आवळता. त्याला चिमटा बसतो. थोडा आवळा, थांबा, त्याने श्वास सोडला की मग पुढचं भोक."

तबेल्यात आल्यापासून नऊ वर्षं तांबडा रोज हेच सांगत होता आणि थोरली त्याला दुसरं दावं लावत होती. लाज वाटली. पण हे धाकटीकडून ऐकावं लागलं, याचा राग त्याहून मोठा होता.

तरी रोज सकाळी धाकटी यायच्या आधी ती अंगणात जाऊ लागली. अठराव्या दिवशी तांबडा मोकळा उभा राहिला. शेवटचं भोक लावायचं बाकी होतं, तेवढ्यात बादली घेऊन धाकटी आली आणि त्याचे दोन्ही कान तिच्याकडे वळले.

"बघ तिच्याकडे हवं तेवढं," थोरली त्याच्या पोटाशी वाकून म्हणाली, "पाय तेवढा हलवू नकोस."

त्याने हलवला नाही.