ट्रेलरमधला वानवळा

माझ्या आईने सहा वर्षं गावाबाहेर पाऊल टाकलं नव्हतं. लोकांना ती सांगायची, गुरं कोण बघणार. घरात सांगायची, गाडी लागते. खरं कारण फक्त मला ठाऊक होतं. तिला तासाभराच्या वर लघवी धरवत नाही, आणि खोडदपासून आंबेगावच्या डोंगरातल्या मावशीच्या गावापर्यंत बाईमाणसाने निर्धास्त बसावं अशी एक जागा नाही. पूर्वी कुठे जायचं झालं की ती आदल्या दुपारपासून पाणी बंद करायची. एकदा अशीच बिनपाण्याची निघाली आणि मंचरच्या स्टँडवर चक्कर येऊन पडली. तेव्हापासून प्रवास बंद.

त्यात मावशीच्या मुलाचं लग्न झालं, आई गेली नाही. पुढच्या वर्षी माझ्या भावाच्या नव्या घराची वास्तुशांत झाली, मावशी आली नाही. गुडघे दुखतात असा निरोप आला. सख्ख्या बहिणी, पण फोनवर "बरं हाय" एवढंच म्हणून ठेवून द्यायला लागल्या. बहीण कायमची तुटली असं आईने मनाशी धरलं, आणि ते मला बघवेना.

म्हणून आम्ही ट्रेलर घेतला. आईसाठीच घेतला असं मी सगळ्यांना सांगते, पण ते अर्धंच खरं आहे. हौस मलाही भारी होती. पुण्यातल्या एका गृहस्थाने दोन सहली करून कंटाळून विकायला काढलेला तो दोन चाकांचा पांढरा डबा मी पाहिला आणि वेडीच झाले. आत दोन बाकं, मागे छोटा ओटा, आणि पुढच्या कोपऱ्यात कडी लागणारा, फ्लश असलेला, खिडकीचा संडास. त्याच्यासाठी ऐंशी लिटरची पाण्याची टाकी. डबा वजनाला अगदी हलका, आमच्या दीड म्हशीएवढा. ओढणारी आमची छोटी एसयूव्ही दिसायला दांडगी असली तरी इंजिनाने बेताचीच आहे. माझा नवरा जमीन मोजणीतला माणूस. त्याने गाडीचं पुस्तक दोनदा वाचलं आणि निकाल दिला की ट्रेलर, आपण तिघं आणि पाणी एवढं ती ओढेल, वर नारळसुद्धा नको.

आळेफाट्याच्या गॅरेजात मागे हुक बसवला आणि मी स्टिअरिंगवर बसले. नवऱ्याला गाडी चालवताना विचार करायची सवय आहे, त्यामुळे चालवते मीच. फाट्यावर हॉटेलातली माणसं चहाचे कप हातात घेऊन बाहेर आली. आरशात बघावं तर तो डबा आपला गुमान मागून येतोय. मला इतकं हसू यायला लागलं की नवरा म्हणाला, तू आधी हसून घे, मग निघू. वळण मोठं घे, ब्रेक लवकर लाव, हे त्याने खोडद येईपर्यंत अकरा वेळा तरी सांगितलं असेल.

पुढे जाणं सोपं होतं. खरी फजिती झाली ती आईच्या दारात, रिव्हर्स घेताना. मी उजवीकडे फिरवलं की डबा डावीकडे जाई. दहा मिनिटांत अर्धा गाव गोळा झाला. आमच्याकडे जो तो ट्रॅक्टरची ट्रॉली मागे घेण्यात वस्ताद, त्यामुळे प्रत्येकाने सल्ला दिला आणि प्रत्येकाचा वेगळा. शेवटी वहिनी कांद्याच्या शेडमधून हात पुसत आली. "उतरा वन्सं," म्हणाली, आणि एका दमात डबा गोठ्याशेजारी नेऊन लावला. मी तिला मिठी मारली खरी, पण जळाले चांगलीच.

सकाळी निघताना ट्रेलर बघायला माणसं आली, आणि आमच्याकडे कुणी पाहुण्याच्या गाडीशी रिकाम्या हाताने येत नाही. शेतात जे निघालं असेल त्यातलं थोडं आप्ताच्या घरी पाठवायचं, हा वानवळा. तो नको म्हणणं म्हणजे देणाऱ्याच्या तोंडावर दार लावणं. त्यातून आई सहा वर्षांनी बहिणीकडे निघालेली. ट्रेलरला मागे बाहेरून उघडणारी एक झडप आहे, ती वहिनीने शोधून काढली. "मागं ठेवलंय बरं का," असं मला पाच-सहा जणांनी सांगितलं आणि मी मान डोलावली. मला वाटलं कोथिंबीर असेल. नवरा तेव्हा हुकाची पिन तपासत बसला होता.

मंचर मागे पडलं आणि आईने पाणी मागितलं. मी आरशातून तिच्याकडे बघितलं. आई प्रवासात पाणी पीत होती, बाटली तोंडाला लावून, घटाघटा. घोडेगावच्या अलीकडे तिने गाडी थांबवायला लावली. चिंचेखाली थांबलो. ती पदर सावरत आत गेली, कडी लागल्याचा आवाज आला, आणि आम्ही दोघं बाहेर पहारेकऱ्यासारखे उभे. आई बाहेर आली ती नवी नवरी दिसावी तशी. "लई झ्याक हाय गं," म्हणाली, "वारं बी येतं." मी तिथेच रस्त्याच्या कडेला हसता हसता रडले. इतकी साधी गोष्ट, आणि तिच्यावाचून आईची सहा वर्षं घरात गेली होती.

त्या आनंदात मी जरा पाय दाबला. पुढच्या उतारावर मागून कुणीतरी गाडीची शेपटी धरून हलवतंय असं वाटलं. आधी थोडं, मग जोरात. आरशात डबा या कडेहून त्या कडेला झुलत होता आणि स्टिअरिंग माझ्या हातात राहीना. ब्रेक नको, नुसता पाय काढ, असं नवरा अगदी हळू आवाजात म्हणाला. तो हळू बोलला म्हणूनच मी घाबरले. पाय काढला, देवाचं नाव घेतलं, गाडी आपोआप मंदावली आणि कडेला लागली.

झडप उघडली. दोन गोण्या कांदा, एक गोणी बटाटा, टोमॅटोचं क्रेट, शेंगा, दोन डांगर आणि लोणच्याची बरणी. सगळं चाकांच्या पार मागे. ट्रॅक्टरला काही फरक पडत नाही, तो मागचं वजन खुशाल ओढत नेतो, म्हणून कुणाच्या मनातही आलं नव्हतं. आमच्या गाडीला मात्र ते मागचं वजन उचलून फेकत होतं. आईला सगळं माहीत होतं. नको कसं म्हणायचं, एवढंच तिचं म्हणणं.

सामान पुढे सरकवून झुलणं थांबलं असतं, पण डिंभ्याच्या पुढे चढ होता आणि एवढं ओझं घेऊन गाडी तो चढणार नव्हती. नवऱ्याने सरळ सांगितलं, वानवळा उतरवा नाहीतर टाकीतलं पाणी सोडा. गाव जवळ आलंय, पाणी सोडणं सोपं. त्याने तोटीला हातही घातला.

आई पुढे झाली. ज्या जावयासमोर ती कधी मोठ्याने जांभईसुद्धा देत नाही त्याला म्हणाली, "पानी सोडू नका, जावईबापू. मला लागतं. मला धरवत न्हाई."

सहा वर्षं लपवलेलं तिने भर रस्त्यात सांगून टाकलं. नवऱ्याने तोटीवरचा हात काढला आणि गपचूप गोणीला घातला.

टाकायचं मात्र काही नाही, वाटायचं, हे आईने ठरवलं. मग सुरू झाली आमची वरात. रस्त्याकडेच्या प्रत्येक घरापुढे थांबायचं, आईने उतरायचं आणि अनोळखी माणसाच्या पाटीत कांदे ओतायचे. पहिल्या घरातल्या आजोबांनी विचारलं, इलेक्शन लागलं का. दुसऱ्या घरातली बाई आत गेली आणि सुपात तांदूळ घेऊन आली. मग कळलं की डोंगरातली माणसंही आमच्यासारखीच. कांदे घेऊन नुसतं कोण बसणार? कुणी नाचणी दिली, कुणी वरई, एकीने कोंबडी देऊ केली ती मी हात जोडून परतवली. आई एकालाही नको म्हणेना. नवरा वजन करायचा ताणकाटा घेऊन मागे मागे धावत होता, त्याचा चेहरा बघून मी पोट धरून खाली बसले. गोणीला सूप या दराने सुटका झाली. जे आलं ते आम्ही पुढे संडासात रचलं, भांड्यापर्यंत वाट ठेवून.

चढ आम्ही पहिल्या गिअरमध्ये चढलो, तिघंही पुढे वाकून, जणू त्याने गाडीला हातभार लागणार होता. वर पोचल्यावर आईने टाळ्या वाजवल्या.

मावशी अंगणात उभी होती. आली नाही पुढे, हसलीही नाही. आई गाडीतून उतरली आणि तिची सगळी मजा चेहऱ्यावरून उतरली. एवढ्या खटपटीने आलो, आणि आता ही दोन वाक्यं बोलून आत जाणार, असं मला वाटलं. मला मावशीचा भयंकर राग आला. पण आईने तिचा दंड धरला, ओढत ट्रेलरशी नेलं, आत घेतलं आणि दार लावून घेतलं.

बाहेर आम्ही, मावशीची सून आणि वाडीतली आठ-दहा माणसं. आतून बराच वेळ कुजबुज. मग फ्लशचा आवाज. थोड्या वेळाने परत एकदा. मग दोघी हसायला लागल्या, इतक्या की डबा हलायला लागला.

मावशी बाहेर आली तेव्हा तिचे डोळे ओले होते. आईला म्हणाली, "माजं बी त्येच व्हतं गं. गुडघ्याचं म्हनून सांगत व्हते लोकास्नी. मला वाटलं तूच रागावलीस."

 आईने मावशीच्या तोंडावरून हात फिरवला.

मावशीने मला विचारलं, हे खोडदपर्यंत जातं का. जातं, म्हटलं. ती घरात गेली, नवं लुगडं नेसून पिशवी घेऊन आली आणि गाडीत जाऊन बसली. सून म्हणाली, अहो, आधण ठेवलंय, चहा तरी घ्या.

"खोडदला पिऊ," मावशी म्हणाली.