जगाचा अंत, अकरा दिवसांत

जगाचा अंत आम्ही अकरा दिवसांत उरकला. त्याचे किस्से मात्र अजून उरकत नाहीत. युनिटमधले दोघं जरी चहाला बसलो, तरी एकाला एक आठवतो, दुसरा त्याला आपला जोडतो आणि चहा गार होतो. म्हणून म्हटलं, एकदा लिहूनच टाकावेत.

अणुयुद्धानंतर उरलेल्या एकमेव माणसाची एक जुनी, गाजलेली गोष्ट आहे. आईच्या लहानपणी ती टीव्हीवर झाली होती, ब्लॅक अँड व्हाइटमध्ये. शेवटी तो माणूस गावातलं एकेक दार ठोठावतो आणि एकही दार उघडत नाही. संपलं. ती पाहून आपण आठवडाभर नीट जेवलो नाही, असं आई सांगते. मामा म्हणतो, एकच दिवस.

मी दिल्लीत सिनेमा शिकले. एका चॅनलने या गोष्टीचा रिमेक माझ्याकडे दिला, तेव्हा हट्टाने तो आमच्या गावी आणला, संग्रामपूर तालुक्यात. जग संपायचं तर ते मोठ्या शहरांतच का संपावं, असा माझा मुद्दा होता. चॅनलच्या साहेबांना मात्र शेवटच नको होता. त्यांना हवा होता राखेतून उगवणारा हिरवा कोंब आणि मागे बासरी. मी तीन मीटिंगा भांडले. शेवटी ते म्हणाले, "अकराव्या दिवशी मी येतो. तुमचा शेवट माझ्यासमोर घ्या. पटला तर ठेवू. नाहीतर कोंब."

कोंब त्यांनी कुंडीत लावून तयारही ठेवला होता.

•

परवानगीसाठी गावाची सभा भरली. मी अणुबॉम्बवर वीस मिनिटं बोलले. बॉम्ब पडतो कुठे, वारा कसा वाहतो, राख किती लांब जाते, सगळं. मागच्या रांगेतून निवृत्त शिक्षक असलेल्या गुरुजींनी हात वर केला.

"म्हंजे बॉम्ब पडन मुंबई-दिल्लीले?"

मी हो म्हटलं.

"अन् आपल्याले नुसती राख?"

मी पुन्हा हो म्हटलं. गुरुजी खाली बसले आणि शेजारच्याला म्हणाले, "पाह्य. यातबी आपल्यापर्यंत उरलंसुरलंच येते."

सभा संपायच्या आत मी त्यांना जगातला शेवटचा माणूस म्हणून नक्की केलं.

•

राखेचं काम सत्तारभाईंकडे. गाद्या-रजया भरणं हा त्यांचा तीन पिढ्यांचा धंदा. नांदुऱ्याच्या जिनिंगमधून त्यांनी कापसाचा उडता कचरा आणला, त्यात कोळशाची पूड मिसळली आणि माझ्यासमोर तीन ढीग ठेवले: हलकी राख, मध्यम राख, भारी राख. "बॉम्बनंतर कितवा दिवस हाये, ते सांगा. त्या हिशोबानं देतो."

पहिल्याच शॉटला काय राख पडली! पंख्यापुढून ती अशी तरंगत उतरली की युनिटमधले सगळे हातातलं काम सोडून वर बघत राहिले. तेवढ्यात सत्तारभाई थेट फ्रेममध्ये शिरले, खाली वाकले आणि जमिनीवरून काहीतरी उचलून खिशात टाकलं. मी कट म्हणून ओरडले. काय झालं?

"एक सरकी राह्यली होती मॅडम," ते ओशाळून म्हणाले. "दुनिया खतम झाली तं झाली, पन माल साफ पाह्यजे."

•

चौथ्या दिवशी चौकात वीस प्रेतं निजवायची होती. गावकरी इतके मन लावून मेले की माशी बसली तरी हलेनात. कॅमेरा सरकत सरकत मधल्या तरुण बाईवर आला आणि त्या प्रेताने हात वर करून डोक्यावर पदर ओढला.

पुन्हा घेतला. पुन्हा पदर. ही होती शेवंताकाकूंची सून; काकूंवर पुढे येतेच. मी जवळ जाऊन विचारलं, तर ती डोळे मिटूनच पुटपुटली, "मामंजी समोर उभे हायेत ना."

खरंच, शेवंताकाकूंचे मालक लाइटच्या बाजूला उभे राहून शूटिंग बघत होते. त्यांना जा म्हणायची माझी हिंमत नव्हती. मग आम्ही त्यांनाही मारलं. तोंड भिंतीकडे करून.

•

आता खुद्द शेवंताकाकू. आमच्या आख्ख्या प्रलयाला त्या एकट्या पुरून उरल्या.

संध्याकाळी आम्ही गल्लीभर राख पसरून ठेवायचो. सकाळी कॅमेरा घेऊन पोचावं, तर गल्ली लख्ख, सडा पडलेला आणि काकूंच्या दारात ठिपक्यांची रांगोळी! पाचव्या दिवशी घडलं, सहाव्या दिवशीही घडलं. सातव्या दिवशी मी त्यांच्या ओट्यावर बसून त्यांना समजावलं, की काकू, या गोष्टीत झाडायला कुणी जिवंतच नाही.

"हो, पन पाह्यनारे तं जित्ते असतीन ना?" काकू म्हणाल्या. "ते म्हनतीन, या गावातल्या बाया झाडतबी नाईत."

यावर दिल्लीत काही शिकवलेलं नव्हतं. शेवटी तडजोड झाली. काकूंनी उंबऱ्याच्या आत हवं तेवढं झाडावं. उंबऱ्याच्या बाहेर जग संपलेलं राहील.

•

दहाव्या दिवशी शेवटच्या सीनची तालीम. पहिली अडचण ही, की गावात दिवसा दारं लावतच नाहीत. लावा म्हटलं तर लोक एकमेकांच्या घरी चौकशीला निघाले, तुमच्याकडे काही झालं का म्हणून. कशीबशी लावली. गुरुजींनी पहिलं दार ठोठावलं.

"कोन हाये? या ना, उघडंच हाये."

दुसऱ्या दारातून आवाज आला, "गुरुजी, चहा टाकून राह्यलो, थांबा." तिसऱ्या घरातल्यांनी तर दार उघडून खुर्चीच बाहेर दिली. जगातला शेवटचा माणूस एका तासात चार कप चहा प्यायला.

मी मारुतीच्या पारासमोर सगळ्यांना गोळा केलं आणि चक्क हात जोडले. उद्या कुणी आवाज दिला, तर कोंब येईल. कोंबाची दहशत एव्हाना गावालाही कळली होती. सगळ्यांनी शब्द दिला. शेवंताकाकू तर म्हणाल्या, "माह्या तोंडून अक्षर निंघालं, तं मले विचार."

•

अकरावा दिवस. दुपारचे बारा, एप्रिलचं ऊन. साहेब गॉगल लावून मॉनिटरसमोर बसले. त्यांच्या पायाशी कोंबाची कुंडी.

अंगावर फाटकं घोंगडं घेऊन गुरुजी निघाले. वरून सत्तारभाईंची हलकी राख. पहिलं दार ठोठावलं. शांत. दुसरं. शांत. चहावाल्याचं, खुर्चीवाल्याचं, सगळी दारं मुकी. आख्खं गाव श्वास रोखून मेलं होतं. गुरुजींचे हात हळूहळू खरेच जड झाले, ओठ खरेच सुकले. माझ्या डोळ्यांत पाणी. साहेबांनी गॉगल काढला.

शेवटचं दार शेवंताकाकूंचं. गुरुजींनी ठोठावलं. कपाळ दाराला टेकवलं. काही नाही. ते वळले. मी कट म्हणायला तोंड उघडलं.

आणि दार वीतभर उघडलं. आतून बांगड्यांचा एक हात आला, पाण्याने भरलेला तांब्या उंबऱ्याबाहेर ठेवला आणि आत गेला. दार लागलं.

गुरुजी तांब्याकडे बघत राहिले. किती वेळ, मला सांगता येणार नाही. मग खाली बसले, तांब्या दोन्ही हातांत धरला आणि घटाघटा प्यायले. पाणी हनुवटीवरून खालच्या राखेत पडत राहिलं.

कट म्हणायचं माझं राहूनच गेलं. कॅमेऱ्याचं कार्ड भरलं तेव्हा तो आपोआप थांबला.

साहेब कुंडी पायाने बाजूला सरकवून म्हणाले, "हे राहू द्या."

तो शेवट त्यांचा नव्हता, पण माझाही नव्हता. मी तरातरा काकूंच्या घरात शिरले. त्या आत झाडत होत्या.

"काकू, सगळे मेलेत, असं ठरलं होतं ना आपलं?"

"हो ना पोरी," काकू झाडता झाडताच म्हणाल्या. "म्हनून तं बोलली नाई काई."