काढून ठेवलेली पिशवी

माझा स्वभाव मुळातच संशयी. कोणी फार गोड बोललं की कुठेतरी पाणी मुरतंय, असंच मला वाटायचं. देवीवर माझी श्रद्धा होती, माणसांवर मात्र नव्हती. ही श्रद्धा किती अर्धवट होती ते मला एका दुखण्यात कळलं, म्हणून हे लिहून ठेवते.

घाटात विजेची गाडी नुकतीच सुरू झाली होती, तेव्हाची ही गोष्ट. माझे पती लोणावळ्याला रेल्वेत कामाला होते आणि मी कुरवंड्याला सासूबाईंजवळ. त्यांना मी आत्याबाई म्हणायची. लग्नानंतर पाच वर्षांनी मला दिवस राहिले आणि चौथ्या महिन्यात गर्भ पडला. तोही पुरता पडला नाही. रक्त थांबेना, अंगात ताप भरला, तेव्हा सुईण म्हणाली, "अर्धं आतच ऱ्हायलंय. माझ्या हातचं न्हाई आता, दवाखान्यात न्या." मला डोलीत घालून लोणावळ्याला नेलं. छातीशी मी एक कापडी पिशवी घट्ट धरली होती. पाचव्या महिन्यात कार्ल्याच्या एकवीरा आईची ओटी भरायची, म्हणून त्यात आंबेमोहोराचे तांदूळ, नारळ, हळकुंड आणि हिरवा खण आधीच बांधून ठेवला होता.

डॉक्टरीणबाईंनी तपासलं आणि आत्याबाईंना बाजूला नेऊन सांगितलं, की आत अडकलेलं काढून पिशवी साफ करावी लागेल, नाहीतर जीव जाईल. त्यांना बाजूला का नेलं, याचाच मला पहिला संशय. आत्याबाईंची एक लग्नाला आलेली भाची होती. त्या वर्षी ती तीनदा आमच्याकडे राहून गेली होती. मी वांझ ठरले की तिची वाट मोकळी, हा हिशेब मी कधीच मांडून ठेवला होता. नाकावर औषधाची घडी ठेवली, त्यापुढचं मला आठवत नाही.

शुद्ध येत होती तेव्हा ओटीपोट ठणकत होतं आणि तोंड कोरडं पडलं होतं. पडद्यापलीकडे आया आत्याबाईंना हळू आवाजात सांगत होती, "बाईची पिशवी काढून ठिवलीया. येवढ्यात सांगू नगा, उगा रडंल."

"बरं झालं," आत्याबाई म्हणाल्या. "न्हाई सांगत."

म्हणजे पोटातली पिशवीच काढली, आता मी कायमची वांझ. मी डोळे मिटून पडून राहिले आणि कोणाला काही विचारलं नाही. विचारून खोटंच ऐकायला मिळणार होतं. निघताना डॉक्टरीणबाई काय काय समजावत होत्या, मी भिंतीकडे तोंड करून बसले. आपली कापडी पिशवी कुठे गेली, हेसुद्धा मनात आलं नाही.

घरी आल्यावर जे जे होई, ते मला पुरावाच वाटे. रक्त जायचं ते थोडं थोडं, पाळीसारख्या कळा यायच्या. चौथ्या दिवशी दूध आलं. ज्याच्यासाठी यायचं तो जीवच नव्हता. त्या दिवशी मात्र मी उशीत तोंड खुपसून रडले. आत्याबाई मला घागर उचलू देत नव्हत्या, ओढ्यावर जाऊ देत नव्हत्या. मला वाटलं, घरातून आपलं नाव कमी करायला घेतलं. औषधाची बाटली मी चोरून केळीच्या बुंध्यात ओतायची. आठव्या दिवशी थंडी वाजून ताप आला. रक्तासाठी घेतलेल्या फडक्याला वास येऊ लागला. तेही मी कोणाला सांगितलं नाही. कार्ल्याच्या दिशेला हात जोडले आणि म्हटलं, "आई, माझी पिशवी मला परत दे, नाहीतर मला ने."

दुसऱ्या दिवशी सकाळी एक अनोळखी म्हातारी अंगण चढून आली. डोक्यावर पदर, हातात काठी. लोणावळ्यापासून चालत आली होती. नाव अमीना. ती माझ्याजवळ बसली आणि काखेतून माझी कापडी पिशवी काढून माझ्या मांडीवर ठेवली.

"तुजी पिशवी ऱ्हायली गं दवाखान्यात. मीच काढून ठिवलीवती. दवा हुंगवली तरी हातातनं सोडंना तू. ओटीचं हाय म्हून वर फळीवर ठिवलं, कुणाचा पाय लागू नये. बघून रडशील म्हून तुला सांगितलं न्हाई."

आवाज पडद्यापलीकडचाच होता. मला हसू येईना, रडूही येईना. तेवढ्यात तिचा हात माझ्या कपाळाला लागला आणि ती संतापली. "ताप हाय, वास हाय, अन् तू गप? बाईसाहेबांनी काय सांगितलंवतं? आठ-धा दिस अंगावर जाईल, कळा येतील, त्याचं भ्या न्हाई. पर थंडीताप आला, वास आला, न्हाईतर रगत वाढलं, तर त्याच दिशी यायचं." आत्याबाई दारात उभ्या होत्या. ते सगळं त्यांना सांगितलेलं होतं, लपवलं होतं ते मीच. त्याच दुपारी मला परत दवाखान्यात नेलं. दोन दिवस आणखी गेले असते तर आशा नव्हती, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. अमीनामावशी नेमकी त्याच दिवशी का आली, हे मी कधी विचारलं नाही. संशयी बाईनं एक तरी गोष्ट न विचारता सोडावी.

अर्थात खोड अशी जात नाही. पोटातली पिशवी जागेवर आहे, महिना-दीड महिन्यात पाळी येईल, असं सांगितलं तरी माझा अर्धाच विश्वास होता. मी बरी झाले. कार्ल्याला ओटी न्यायचा दिवस ठरला. त्या पहाटे लुगडं नेसायला उठले आणि कळलं, की मला कावळा शिवलाय. आता ना गडावर जाता येणार होतं, ना पिशवीला हात लावता येणार होता. गोठ्याच्या कडेला बाजूला बसून मी आनंदानं रडत होते. आईनं दर्शन नाकारलं होतं आणि मागितलेलं सगळं देऊन टाकलं होतं.

मग गडावर कोण जाणार? आत्याबाई. ज्यांच्यावर मी एवढं किटाळ घेतलं, त्यांच्याच हातून माझी ओटी आईपर्यंत पोचायची होती. मनातल्या मनात मी त्यांचे पाय धरले. त्या आवरून उंबऱ्यात आल्या तेव्हा मी लांबूनच म्हटलं, "आत्याबाई, खुंटीवरची माझी पिशवी तेवढी काढून घ्या."