बॅटरीबाईची साक्ष

कारखान्यात तिला सगळे बॅटरीबाई म्हणत. स्वयंपाकघराच्या ओट्याच्या लाद्या घोटून पुढे आल्या की ही बाई हातातली बॅटरी लादीवर आडवी धरायची. इतकी आडवी, की उजेड लादीवरून सरपटत जायचा आणि सुईच्या टोकाएवढा खड्डा असला तरी त्याची सावली पडायची. सावली दिसली की निळ्या मेणखडूचा गोल. गोल पडला की लादी परत घोटायला, आणि घोटणाऱ्यांची तोंडं वाकडी.

"बाई, एवढं बारीक गिऱ्हाईक तरी बघतं का?" ते विचारायचे.

"गिऱ्हाईक बघत नाही, चहा बघतो," ती म्हणायची. "खड्ड्यात जाऊन बसतो. मग बसा जन्मभर घासत."

एवढी डोळस बाई, पण एका माणसाकडे बघताना तिची नजर काही सरळ राहायची नाही. ते माणूस म्हणजे तिची धाकटी जाऊ.

धाकटीचं मोठ्या रस्त्यावर काचेचं दुकान होतं. परदेशातून जहाजानं आलेल्या ओट्याच्या लाद्या तिथे दिव्यांखाली उभ्या करून ठेवलेल्या असत. जगात साबण आहेत, छत्र्या आहेत, चपला आहेत. धाकटीला विकायला नेमक्या ओट्याच्याच लाद्या सापडाव्यात, हे थोरलीला काही पचत नव्हतं. त्यात ही भट्टीच्या धगीत उभी, ती गार हवेत खुर्चीवर. हिच्या केसांत दगडाची पूड, तिच्या केसांत काय असेल ते असो, पण त्याचा वास छान यायचा.

सासूबाई राहायच्या थोरलीकडे, जेवायच्या थोरलीच्या हातचं, आणि गुण गायच्या धाकटीच्या ओट्याचे. "काय गं तिचा तो ओटा! हात फिरवला की नुसतं लोणी." थोरली पोळपाट जरा जास्तच जोरात आपटायची.

धाकटीनं नवं घर घेतलं तेव्हा सगळे बघायला गेले होते. बाहेरच्या खोलीत हसणं-खिदळणं चाललेलं असताना बॅटरीबाई पाणी प्यायला म्हणून आत गेली, पिशवीतून बॅटरी काढली आणि त्या पांढऱ्याशुभ्र ओट्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत आडवी फिरवली. एक तरी खड्डा, एक तरी ओरखडा, निदान रंगाचा एखादा फराटा. काही म्हणजे काही सापडलं नाही. त्या दिवशी तिला जेवण गेलं नाही. नवऱ्यानं विचारलं तर म्हणाली, मीठ जास्त होतं.

यामागे एक जुनी जखमही होती. मागे परदेशी लाद्यांचा लोंढा आला होता. तिकडचे कारखानदार स्वतःच्या देशात ज्या भावाला विकत, त्याहून कमी भावात इथे माल ओतत होते. इथले कारखाने धडाधड आडवे झाले. हिच्या कारखान्यातली दुसरी भट्टी विझली आणि बॅटरीबाई घरी बसली. तेव्हा धाकटी आपण होऊन आली आणि म्हणाली, "ताई, माझ्याकडे या ना. नुसत्या लाद्या पुसायच्या, गिऱ्हाइकाला पाणी द्यायचं. बसून काय करणार?"

धाकटी मनापासून बोलली होती. म्हणूनच ते जास्त झोंबलं. कुणी टोमणा मारला तर उलट मारता येतो. दया आली तर माणसानं करायचं काय?

पुढे सरकारनं बाहेरच्या लाद्यांवर जादा शुल्क लावलं, भाव जागेवर आले, दुसरी भट्टी पेटली आणि बॅटरीबाई कामावर परतली. पण असलं शुल्क काही कायमचं नसतं. पाच वर्षं होत आली की सरकार पुन्हा सगळ्यांना बोलावून विचारतं: ठेवायचं की काढायचं? ती वेळ आता आली होती. शुल्क गेलं तर दुसरी भट्टी जाणार, भट्टी गेली तर नोकरी जाणार, आणि मग हातात फडकं घेऊन धाकटीच्या लाद्या पुसायच्या.

माल पारखणारी म्हणून कारखान्यानं साक्षीला तिचंच नाव दिलं. कारखान्याच्या वकिलांनी तिला समोर बसवलं.

"बाई, तुम्हाला एकच सांगायचंय. बाहेरची लादी आणि आपली लादी, दोन्ही सारख्याच."

बॅटरीबाईला ठसका लागला. "सारख्याच? वकीलसाहेब, आपली चांगली आणि त्यांची टाकाऊ, असं सांगते की! ठणकावून सांगते."

"तेच तर नकोय!" वकील हात जोडायच्या बेतात आले. "दोन्ही माल एकाच गिऱ्हाइकामागे धावतात, म्हणून त्यांच्या स्वस्ताईनं आपलं नुकसान होतं, म्हणून शुल्क. त्यांचा माल वेगळ्याच जातीचा निघाला, तर आपलं त्याच्याशी भांडणच उरत नाही. मग ते म्हणतील, काढून टाका शुल्क. तुम्ही फक्त 'सारख्याच' म्हणा आणि खाली बसा."

तिला पटलं. पण समोरच्या बाजूनं साक्षीला धाकटी येणार होती. पटणं वेगळं आणि जावेसमोर उभं राहून तुझ्यात न् माझ्यात फरक नाही म्हणणं वेगळं. घरी ती भांडी घासताना पुटपुटून सराव करायची. "सारख्याच. सारख्याच." सासूबाई म्हणाल्या, "कोण गं सारख्या?" तिनं नळ मोठा सोडला.

सुनावणीच्या खोलीत लांब टेबल होतं. एका टोकाला तपास अधिकारी, शेजारी प्रत्येक शब्द टाइप करणारा कारकून, एका बाजूला कारखानेवाले, समोर बाहेरून माल आणणारे, त्यांचे वकील आणि त्यांच्यात धाकटी. बॅटरीबाईच्या मागे दुसऱ्या भट्टीवरचे घोटणारे रजा टाकून आले होते. टेबलावर तळहाताएवढे दोन तुकडे ठेवले होते, एक इथला, एक बाहेरचा.

आधी धाकटी उठली. इस्त्रीचे कपडे, सावकाश आवाज. "आमचा माल वेगळाच आहे," ती म्हणाली. "इथल्या कारखान्यांना तो जमत नाही. ज्यांना तो हवा असतो, ते इथली लादी घेतच नाहीत." आणि बसता बसता ती थोरलीकडे बघून हसली, घरी हसायची तश्शीच, प्रेमानं.

जमत नाही! बॅटरीबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. भट्टी, वकील, मागे बसलेली माणसं, सगळं एका क्षणात पुसलं गेलं.

"या दोन मालांत काही फरक आहे का?" अधिकाऱ्यांनी तिला विचारलं.

"जमीन-अस्मानाचा!" ती उसळली. "कुठे आमची लादी आणि कुठे ती! ओट्यावर काय, मोरीत बसवायच्या लायकीची नाही. आमचं गिऱ्हाईक तिच्याकडे ढुंकूनही बघणार नाही."

समोरचे वकील टुणकन उठले. "म्हणजे या दोन मालांची तुलनाच होऊ शकत नाही, असंच ना बाई?"

"मुळीच नाही!"

"आभारी आहे. याची नोंद व्हावी." आणि ते बसले, पोटभर जेवून बसावं तसे.

बॅटरीबाईनं समोर बघितलं. धाकटी मान डोलवत होती. ताई अगदी बरोबर बोलल्या, असं शेजारच्याला सांगत होती. लग्न होऊन या घरात आल्यापासून दोघींचं एकाही गोष्टीवर एकमत झालेलं नव्हतं, आणि तेच बघून बॅटरीबाईला आपली चूक कळली. कारखान्याचे वकील चष्मा काढून पुसत बसले होते. मागून कुणीतरी हळूच म्हणालं, "गेली भट्टी."

"साहेब, मला परत बोलायचंय."

"साक्ष संपली!" समोरचे वकील ओरडले.

"बोलू द्या," अधिकारी म्हणाले.

तिनं पिशवीतून बॅटरी काढली. दोन्ही तुकडे शेजारी शेजारी ठेवले आणि सवयीप्रमाणे आडवा उजेड टाकला. उजेड एकावरून दुसऱ्यावर गेला, कुठेही न अडखळता.

"सारख्याच आहेत," ती म्हणाली.

"आत्ताच तर जमीन-अस्मान म्हणालात."

"खोटं बोलले मी."

"का?"

याचं उत्तर वकिलांनी शिकवलं नव्हतं. घोटणारे बघत होते. धाकटी बघत होती.

"ती माझी धाकटी जाऊ आहे," ती म्हणाली. "जळते मी तिच्यावर."

खोलीत हशा पिकला. कारकुनाची बोटं थांबली. त्यानं अधिकाऱ्यांना विचारलं, "साहेब, 'जळते' असंच घालू? की 'मत्सर वाटतो'?"

"जळते असंच लिहा," बॅटरीबाईच म्हणाली. "मत्सर मोठ्या लोकांना वाटतो." आणि मग ती थांबेना. "तिच्या घरच्या ओट्यावर मी चोरून बॅटरी मारली होती साहेब. एक खोट सापडली नाही. तेव्हापासून माझा जीव जळतोय. माल टाकाऊ असता तर जळले कशाला असते? हसले असते. तो आमच्यासारखाच आहे, आमच्याच गिऱ्हाइकाला भुलवतो, आणि तिकडून फुकटात ओतला तर आमची भट्टी विझवतो. एकदा विझवली आहे. मी घरी बसले होते तेव्हा."

आता कुणी हसलं नाही. धाकटीची मान खाली गेली होती.

शुल्क आणखी पाच वर्षांसाठी राहिलं. अहवालात आकडे होते, तक्ते होते. बॅटरीबाईच्या जळण्याचा किती उपयोग झाला, देव जाणे. घोटणाऱ्यांनी मात्र तिला डोक्यावर घेतलं. धाकटी पुढचे काही महिने त्यांच्याकडे फिरकली नाही, आणि सासूबाईंनी ओट्याचं नाव काढणं सोडून दिलं.

मग एका सकाळी कारखान्याच्या दारात धाकटीची गाडी उभी राहिली. शुल्क उठेल या आशेवर तिनं बाहेरचा महाग माल इतकी वर्षं रेटला होता; आता ती आशा उरली नव्हती. दुकान चालवायचं तर इथल्याच लाद्या घ्यायला हव्या होत्या. बॅटरीबाईनं गाडीकडे बघितलं आणि तिच्या आत जुनं काहीतरी चुरचुरलं. म्हणजे आता आपण घोटायचं, आपण पारखायचं, आणि मिरवायचं हिनंच!

"कुठल्या लाद्या काढू, मॅडम?" घोटणाऱ्यानं धाकटीला विचारलं.

"ते ताईंना विचारा," धाकटी म्हणाली. तिनं थोरलीकडे बघितलं, पण या वेळी ती हसली नाही. "माझ्या घराकडे त्यांच्याइतकं निरखून कुणी बघितलेलं नाही. आमच्या ह्यांनीसुद्धा नाही."

बॅटरीबाईनं बॅटरी लावली आणि पहिल्या लादीवर आडवी धरली. कोपऱ्यात सुईच्या टोकाएवढी सावली पडली. धाकटीला ती दिसली नव्हती, दिसणारही नव्हती. बॅटरीबाईचा हात थोडा वेळ तसाच थांबला. मग तिनं निळा गोल काढला, नेहमीपेक्षा मोठा.

"ही नको घेऊस," ती म्हणाली. "पुढची बघू."