बंद ठेवलेला आवाज

“दार आम्ही लावलं होतं. मग त्या जागी भिंत कोणी घातली?”

डलसी नाकामाराने हा प्रश्न २०२१च्या ऑगस्टमध्ये ऑस्ट्रेलियातल्या विलो बोअर या आदिवासी वस्तीच्या दवाखान्याच्या ओसरीवर विचारला. ती धुतलेल्या चादरींच्या घड्या घालत होती आणि चादरीचे दुसरे टोक त्याच दवाखान्यात नोकरीला आलेल्या माझ्या हातात होते.   प्रश्नाचा रोख तिच्या फोनकडे होता, आणि त्या फोनमध्ये तिच्या मृत वडिलांचा आवाज होता.

वडिलांचे नाव या लेखात नाही. या वस्तीत गेलेल्या माणसाचे नाव घेत नाहीत. त्याचा फोटो झाकतात, आवाज बंद करतात, त्याच नावाचा दुसरा कोणी जिवंत असेल तर त्याचेही नाव तात्पुरते बदलतात. हे आपल्या महाराष्ट्रातल्या दहा-तेरा दिवसांच्या सुतकासारखे नव्हे. ते वर्षानुवर्षे चालते, आणि कधी संपवायचे हे घरातली वडीलधारी माणसे ठरवतात. डलसीच्या वडिलांचा उल्लेख सगळे ‘म्हातारबा’ असाच करत; इथेही तसाच केला आहे.

डलसीने दवाखान्याच्या धुलाईघरात उभी हयात काढली. तिचा जन्म गोऱ्या मालकाच्या गुरांच्या कुरणावर झाला. आई त्याच मालकाचे कपडे धुवायची. “आमच्या घराण्यात दुसऱ्यांचा मळ वारशाने येतो,” असे ती हसत सांगे. तिच्या जिभेची दवाखान्यात दहशत होती. एकदा नव्या डॉक्टरांच्या खोलीतून आलेली चादर तिने सगळ्यांसमोर उलगडून धरली. “डॉक्टर, रक्त असतं तर समजलं असतं. हा टोमॅटोचा सॉस कुठल्या रोग्याचा?” फुटबॉल आणि पत्ते हे तिचे दोन नाद. झाडाखाली पत्त्यांचा डाव बसला की तिची धाकटी बहीण इव्हॉन नेहमी तिच्याविरुद्ध बसे. दोघी एकमेकींना नावाने हाक मारत नसत. नाकामारा हे दोघींना जन्माने मिळालेले कुळगटाचे नाव, तेच दोघींच्या तोंडी.

म्हातारबा आयुष्यभर गुरे हाकत त्या मुलखात फिरले. कोरड्या नदीच्या पात्रात कुठे खणले की पाणी लागते, त्या झिऱ्यांची नावे काय, पाणी पिऊन झाल्यावर झिरा कशाने झाकायचा, हे सगळे त्यांच्या तोंडी होते. २०१४मध्ये मेलबर्नच्या एका छोट्या कंपनीतला लायल नावाचा तंत्रज्ञ वस्तीवर येऊन राहिला आणि त्याने म्हातारबांना घेऊन एक ॲप तयार केले. पडद्यावरच्या नकाशात झिऱ्यावर बोट ठेवले की त्या जागेचे नाव आणि हकीकत म्हातारबांच्या आवाजात ऐकू येई. ॲपचे चिन्ह इव्हॉनने रंगवले होते : तांबड्या मातीत एकात एक काढलेली वर्तुळे.

म्हातारबांनी एक अट घातली. “माझा आवाज आमच्या माणसांच्या फोनमध्ये राहील. शहरातल्या कपाटात नाही. कुणी काढून नेऊ म्हणेल तर त्याला काढता येता कामा नये.” लायलने अट पाळली. ॲपमधला आवाज कुलूपबंद केला. कुलपाची किल्ली कंपनीच्या सर्व्हरवर राहिली; फोन रेंजमध्ये आला की ती आपोआप मिळे आणि काही दिवस पुरे. मूळ ध्वनिमुद्रणे साठवलेली हार्ड डिस्क, एक छोटी डबी, त्याने म्हातारबांच्या हवाली केली. ती त्यांच्या कोटाच्या खिशात असे.

आवाजही कोटासारखाच होता, जाड आणि धूर बसलेला. “हे पाणी गोड आहे. पिऊन झालं की फांद्या घाल वर. तुझ्यासाठी नाही रे, तुझ्यामागून येणाऱ्यासाठी. तुझ्यासाठी माझ्या बापाने घातल्या होत्या.” एका झिऱ्याच्या हकीकतीत मध्येच खोकला येतो आणि ते म्हणतात, “डलसी, चहा टाक गं, घसा बसला.” लायल ते काढून टाकणार होता. म्हातारबा म्हणाले, “राहू दे. बाकी सगळं मुलखाचं आहे. तेवढं तिचं.”

२०१७च्या हिवाळ्यात म्हातारबा वारले. रीतीप्रमाणे त्यांच्या वस्तू जाळण्यात आल्या : गादी, टोपी, टॅबलेट, कोट. डबी कोटात होती. त्या वेळी त्याची कोणाला रुखरुख वाटली नाही. मेलेल्या माणसाचे जे होते ते गेले, एवढेच.

आवाज बंद करण्याचे काम डलसीकडे आले आणि तिने ते कोणाची भीडभाड न ठेवता केले. घरोघर जाऊन तिने सगळ्यांच्या फोनमधून ॲप काढायला लावले. इव्हॉन कुरकुरली.

“ठेवते गं नाकामारा, उघडत नाही.”

“तुझा काय भरवसा? पत्त्यातसुद्धा चोरून बघतेस.”

“आणि पुन्हा हवं झालं म्हणजे?”

“ॲपच्या दुकानातून पुन्हा उतरवून घ्यायचं. फुकट तर आहे. ॲप काय शिळं होतं?”

फक्त तिच्या फोनमध्ये ते चिन्ह राहिले. राखणदार म्हणून तो तिचा अधिकार होता, आणि शिक्षाही. फोन उघडला की पहिल्याच पडद्यावर ती तांबडी वर्तुळे दिसत, आणि बोट त्यांना वळसा घालून पुढे जाई.

२०१९मध्ये वस्तीवर वेगळीच अडचण आली. डलसीसारख्या अर्धवेळ काम करणाऱ्यांना सरकारी भत्त्यासाठी दर पंधरवड्याला सरकारी ॲपवर हजेरी द्यावी लागे, आणि त्या ॲपने फोनमधल्या जुन्या ऑपरेटिंग प्रणालीवर चालायचे थांबवले. दुकानाच्या दारात, जिथे फोनला रेंज येते तिथे, रांग लागली. दुकानाची व्यवस्थापक पॉलीन प्रत्येकाचा फोन हातात घेऊन पाहत होती.

“डलसी, नवी प्रणाली टाकावी लागेल. नाहीतर हजेरी लागणार नाही.”

“हा फोन बरा चालतोय की. बिघडलंय ते सरकारचं. त्यांना सांग दुरुस्त करायला.”

“सांगते. पंतप्रधानांना चहाला बोलावलंय, तेव्हा सांगते. हो म्हणू का?”

डलसी हो म्हणाली. दुसरे काही म्हणण्याची सोय नव्हती. फोन बंद होऊन पुन्हा सुरू झाला, सरकारी ॲप उघडले, हजेरी लागली. तांबडी वर्तुळे होती तिथेच होती. ती उघडून पाहण्याचा प्रश्नच नव्हता. म्हणून त्या दिवशी काय झाले हे डलसीला पुढची दोन वर्षे कळले नाही.

जुलै २०२१मध्ये म्हातारबांच्या धाकट्या बहिणीने, म्हणजे आत्याने, मौन सोडायला परवानगी दिली. आत्याची दृष्टी पूर्ण गेली होती आणि तब्येत उतरणीला लागली होती. तिचे म्हणणे साधे होते. “डोळ्यांनी तो आता मला दिसायचा नाही. कानांनी तरी भेटू दे.” आवाज घरात उघडायचा नाही, पहिल्या झिऱ्याशी जाऊन उघडायचा, हेही तिनेच ठरवले.

तीन गाड्या भरून माणसे निघाली. पात्रात जाळ केला, ओल्या पाल्याचा धूर सगळ्यांनी अंगावर घेतला, कांगारूचे शेपूट निखाऱ्यात पुरले. आत्याला वाळूत सतरंजीवर बसवले. डलसीने इस्त्रीचा झगा घातला होता. आपला आवाज चढवून ती म्हणाली, “पोरांनो, खोकला आला की हसायचं नाही. पुढचं वाक्य माझं आहे.” आणि तिने वर्तुळांवर बोट ठेवले.

पडदा पांढरा झाला आणि एक सूचना आली. हे ॲप या फोनवर चालण्यासाठी निर्मात्याने त्यात सुधारणा करणे आवश्यक आहे. खाली एकच बटण होते : ठीक आहे. डलसीने ते दाबले. वर्तुळे पुन्हा दिसली. तिने पुन्हा बोट ठेवले, पुन्हा तीच सूचना, पुन्हा तेच बटण. इव्हॉनने आपल्या फोनवर शोधले. झिऱ्याशी रेंज कसली. संध्याकाळी वस्तीवर परतून शोधले तेव्हा ॲप-दुकानात ते नव्हतेच.

पण ते नंतरचे. झिऱ्याशी आत्याने थोडा वेळ वाट पाहिली आणि विचारले, “काय गं, बोलत का नाही?”

“फोन म्हणतो, निर्मात्याला सांगा.”

“काय सांगा?”

“ते नाही म्हणत.”

डलसीने मग स्वतःच झिऱ्याचे नाव मोठ्याने घेतले आणि आठवेल तशी हकीकत सांगायला सुरुवात केली. आत्याने हात वर करून तिला थांबवले. “तुझा आवाज मी रोज ऐकते, पोरी.”

शेपूट खाल्ले गेले. झिऱ्यावर फांद्या घातल्या गेल्या. 

लायलचा नंबर मिळायला पुढचा आठवडा गेला. तो आता दुसरीकडे नोकरीला होता. डलसीने ओसरीवर फोन स्पीकरवर लावला.

“आँटी, मला फार वाईट वाटतं. कंपनी गेल्या वर्षी बंद झाली. सर्व्हर गेला, म्हणजे किल्लीही गेली. तुमच्या फोनमध्ये आवाज आहे, पण तो आता कुणालाच उघडता यायचा नाही.”

“नवीन प्रणालीसाठी वेळेवर बदल का नाही केलास?”

“मी मागणी केली होती. पण वरचे विचारतात, वापरतंय कोण? त्यांनी आकडे काढले. २०१७पासून एकानेही उघडलं नव्हतं. शून्य. लोकांना ते नकोय, असंच धरलं त्यांनी.”



“लायल, तू इथे राहिलायस. आमच्याकडे जेवलायस. माणूस गेला की आम्ही काय करतो हे तुला ठाऊक होतं.”

“होतं.”

“मग सांगितलं नाहीस त्यांना, की ते शून्य नव्हतं? सगळी माणसं मौन पाळत होती म्हणून?”

“सांगितलं, आँटी. ते म्हणाले, छान रिवाज आहे.”

जुनी ॲप नव्या प्रणालीवर चालत राहावीत की नाही, या वादात दुसरी बाजू निव्वळ खोटी नाही. जुन्या ॲपमधल्या फटींतून चोर शिरतात, आणि मागचे सगळे सांभाळत बसणारी प्रणाली जड होत जाते. लायलनेही हे प्रामाणिकपणे सांगितले. परंतु या युक्तिवादाच्या तळाशी एक गृहीतक आहे. वापर म्हणजे गरज, आणि वापर थांबला म्हणजे गरज संपली, असे ते गृहीतक. हिशेबाच्या किंवा खेळाच्या ॲपला ते कदाचित लागू पडेल. ज्या समाजात एखादी गोष्ट न उघडणे हाच तिचा सर्वांत काटेकोर वापर असतो, तिथे तेच गृहीतक आदर आणि उपेक्षा यांना एकाच आकड्यात लिहिते. डलसीने आपले काम जितके चोख केले, तितका तो आकडा शून्याच्या जवळ गेला. तिने थोडी हयगय केली असती, इव्हॉनसारखे कोणी चोरून ऐकत राहिले असते, तर आवाज कदाचित वाचला असता. हे मी तिला बोलून दाखवले नाही. त्याची गरजही नव्हती, चादरीची घडी अर्धवट टाकून ती स्वतःच म्हणाली, “मीच काढायला लावलं सगळ्यांना. घरोघर जाऊन.” आणि मग तो प्रश्न विचारला.

आत्या पुढच्या उन्हाळ्यात गेली. तिचेही नाव आता घेतले जात नाही. बहिणी पत्त्यांच्या डावात एकमेकींसमोर बसतात, पण एका झिऱ्याच्या नावावरून त्यांचे बिनसले आहे. डलसी ते एका तऱ्हेने उच्चारते, इव्हॉन दुसऱ्या. “म्हातारबा असं म्हणायचे,” दोघीही म्हणतात, आणि निवाडा करणारे कोणी नाही.

डलसीने तो फोन बदलला नाही. नवा घे म्हणून पॉलीनने दोनदा सांगितले. “यात काय बिघडलंय?” एवढेच ती म्हणे, आणि त्याच फोनवरून दर पंधरवड्याला हजेरी लावी.

मार्च २०२५मध्ये सरकारी ॲपने त्या फोनला न पेलणारी नवी प्रणाली मागितली, आणि ते त्या फोनवर चालायचे बंद झाले.