दस्तीखाली ठरलेलं बाथरूम

यंदाच्या धोंड्याच्या महिन्यात आम्ही जावयाला संडास दिला.

लोक अंगठी देतात, चांदीचं तबक देतात, अगदीच हात आखडता असेल तर टॉवेल-टोपीवर भागवतात. आम्ही कमोड, शॉवर आणि निळ्या फरशीसकट अख्खं संडास-बाथरूम दिलं. त्यातली अडचण एवढीच की ते जावयाला पुण्याला नेता येत नाही. वापरायचं तर आमच्या गावी, हट्ट्यालाच यावं लागतं!

झालं असं. आमची एकुलती एक लेक वैशाली लग्नानंतर पहिल्या दिवाळसणाला नवऱ्याला घेऊन आली. चार दिवस राहायचं ठरलं होतं. सकाळी आले, आणि संध्याकाळी जावईबापू म्हणाले, "ऑफिसचं अर्जंट काम निघालंय." दिवे लागायच्या आत दोघं गाडीत बसून गेलेसुद्धा. आमच्या घरात चिवड्याचे दोन डबे, शंकरपाळ्यांचं एक पिंप आणि रडणारी बायको एवढंच उरलं.

मी तर जावयाच्या सरबराईत काही कमी केलं नव्हतं. दिवसभर त्यांच्यासोबतच होतो. अख्खं घर हिंडून दाखवलं. स्लॅबचं लोखंड कुठून आणलं, खिडक्या भाव करून कितीला पाडल्या, दाराच्या बिजागऱ्या परभणीत स्वस्त की वसमतला, सगळं बैजवार सांगितलं. फार लक्ष देऊन ऐकत होते बिचारे. मधूनमधून तर डोळे मिटून ऐकत होते.

"मला ठाव हाय ते काहून गेले," बायको डोळे पुसत म्हणाली. "संडास!"

आमचा संडास परसात, लिंबाच्या झाडापलीकडं. पत्र्याचं दार आतून एका हातानं धरून बसावं लागायचं. शेजारच्या बालाजीची म्हैस भिंतीवरून मान काढून आत बघायची. आम्हाला तिची सवय होती, तिलाही आमची होती.

"पुण्याचं लेकरू ते! म्हशीच्या नजरेसमोर त्याला काय जमंल?"

"म्हशीनं काय केलं बिचारीनं?"

"तुमी गप बसा! धोंड्याच्या आत घरामंदी संडास-बाथरूम पाहिजे मला. माझी लेक पाच दिवस राह्यली पाहिजे इथं. न्हाई राह्यली तर मी जाते पुण्याला, अन् तुमी ऱ्हावा म्हशीसंगं."

आता मी कोण, तर वसमतच्या मोंढ्यात हळदीच्या आडतीवर मुनीम. जन्म भाव करण्यात गेला. सांगितलेल्या किमतीला मी आजवर कोथिंबिरीची जुडीसुद्धा घेतलेली नाही. आणि घेतलेली वस्तू कितीला पाडली हे चार माणसांना सांगितल्याशिवाय मला अन्न गोड लागत नाही. (हा माझा गुण आहे असं मला परवापरवापर्यंत वाटायचं.)

तर मी हिशेबाला बसलो. सिमेंट, वाळू, फरशी, कमोड, पाइप, मजुरी. एकेकाचा भाव मनातल्या मनात पाडत गेलो आणि बजेट ठरवलं: पंचवीस हजार! बालाजीला सांगितलं तर तो एवढा हसला की त्याची म्हैस दचकली.

"पंचवीसात? दादा, पंचवीसात संडासाचं दार येतं. तेबी अर्धं."

"बघशील तू. भाव करणारा माणूस पाहिजे."

मिस्त्री ठरवला रशीद. गावातली घरं त्यानंच बांधलेली, हात साफ, माणूस गोड. ओट्यावर बसून चहा पिला, जागा बघितली, भिंतीवर टकटक केलं आणि म्हणाला, "बोला मुनीमसाब. मटेरियलसकट सगळं माझ्यावर टाका, तकलीफच न्हाई तुम्हाला. किती देता?"

मी तोंड उघडणार, तेवढ्यात दाराआड बांगड्या वाजल्या. बायको कान लावून उभी! पंचवीसचा आकडा तिच्या कानावर गेला असता तर तिथंच 'एवढ्यात काय कोंबड्याचं खुराडं बांधता का?' म्हणून बाहेर आली असती, आणि मिस्त्रीचा भाव चढला असता. मी खिशातून दस्ती काढली आणि रशीदच्या हातावर टाकली.

तुम्हाला सांगतो, आमच्या मोंढ्यातली ही जुनी विद्या. भाव तोंडानं बोलायचा नाही. हातावर रुमाल टाकायचा, खालून समोरच्याची बोटं दाबायची. जेवढी बोटं तेवढा आकडा. बाजूला उभ्या माणसाला कळत नाही की सौदा हजाराचा झाला की लाखाचा. आता सगळा लिलाव ओरडून होतो, ही विद्या जाणणारी आमच्यासारखी थोडीच उरली.

"येतं का तुला?" मी दबक्या आवाजात विचारलं.

"येतं की! आमचे मामू मोंढ्यात हमाल होते."

मी दस्तीखाली त्याची आधी दोन बोटं दाबली, मग पाची. दोन आणि पाच. पंचवीस. रशीदनं क्षणभर माझ्या तोंडाकडं बघितलं. त्याचे डोळे भरून आल्यासारखे वाटले.

"पक्का?"

"पक्का. हजारात."

"मंजूर!" म्हणाला आणि माझा हात दोन्ही हातांत घेऊन हलवायला लागला.

एका दमात मंजूर! मी छाती फुगवून आत गेलो. बायकोनं विचारलं, "किती?" मी म्हणालो, "तुला काय करायचंय? मोंढ्याचा माणूस हाय मी." निम्मे पैसे दुसऱ्या दिवशी रशीदच्या हातावर ठेवले. "हे आगाऊ," म्हणालो. तो न मोजताच खिशात घालत म्हणाला, "बाकीच्याची घाई न्हाई. तुमच्यावर भरोसा हाय."

आणि मग चमत्कार सुरू झाले. मला वाटलं होतं, साधी पांढरी फरशी येईल. आली निळी, चकचकीत, वर ढगांचं डिझाइन! मला वाटलं साधा कमोड येईल. आला असा गुबगुबीत की बायकोनं आधी त्याला हात जोडले. मग शॉवर आला. मग आरसा. मग आरशावर दिवा!

"रशीद, अरे परवडतंय ना तुला?" मी एकदा भीत भीत विचारलं.

"तुमच्यासारखा दिलदार माणूस असल्यावर मी काहून हात आखडू?" तो म्हणाला.

दिलदार! मला जन्मात हे कुणी म्हणालं नव्हतं. मी म्हटलं, माझ्या भाव करण्याचा दरारा तो यालाच म्हणतात. मग मी गावभर सुरू झालो. पारावर, दूध डेअरीवर, वसमतच्या एसटीत: "पंचवीस हजारात! ढगाच्या फरशीसकट!" लोक बाथरूम बघायला यायला लागले. बायाबापड्या बाहेर चपला काढून आत जायच्या. एका म्हातारीनं तर कमोडपुढं सुपारी ठेवली. बालाजी येऊन बघून गेला आणि दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. माझ्या आयुष्यातले ते सगळ्यात सुखाचे दिवस.

मी स्वतः काटकसर केली ती फक्त एका ठिकाणी. दार जुनंच, माळ्यावर पडलेलं, लावायला सांगितलं. त्याला कडी नव्हती.

"कडी काहून पाहिजे?" मी म्हणालो. "घरातलीच तर माणसं. दोरी बांधू."

"पुण्याचा जावाई दोरी धरून बसंल व्हय?" बायको म्हणाली आणि बाजारातून स्वतःच्या पैशानं एक कडी घेऊन आली. मोठी, लोखंडी, गोठ्याला शोभेल अशी. कितीला घेतली विचारलं तर म्हणाली, "त्यानं सांगितलं तेवढे दिले." मी कपाळावर हात मारला. अशानं संसार होतात का!

धोंड्याचा महिना लागला. वैशाली आणि जावईबापू आले. घामानं निथळत होते. बाहेर असं ऊन की कुत्रीसुद्धा सावली बदलायला तेवढी उठत होती. जावयांना नव्या बाथरूमात अभ्यंगस्नान घातलं, म्हणजे तेल आम्ही लावलं आणि अंघोळ त्यांची त्यांनी केली. पाटावर बसवलं, पुरणाचे धोंडे वाढले, वर तुपाची धार. बायकोनं डोळ्यानंच मला खूण केली: बघा, पोरगं खूश दिसून राहिलंय.

पहिला धोंडा तोंडात जातो न जातो तोच दारात रशीद. नवा शर्ट, केसाला तेल.

"मुनीमसाब, पाहुणे आले म्हणून कळलं. मनलं काम पसंत पडलं का विचारावं."

"पसंत? अरे नंबर एक!" मी उठलो, उरलेले निम्मे पैसे आणले आणि सगळ्यांसमोर, जावयाला दिसेल असे त्याच्या हातावर ठेवले. "घे. मोंढ्याचा माणूस बोलतो तसा वागतो."

रशीदनं या वेळी मोजले. पुन्हा मोजले. मग माझ्यामागं बघितलं, जणू आणखी कुणी पैसे घेऊन येतंय.

"अन् बाकीचे?"

"कसले बाकीचे? पंचवीस झाले की!"

"पंचवीस? बावन्न ठरले होते ना मुनीमसाब!"

"बावन्न?" माझा आवाज पार बालाजीच्या म्हशीपर्यंत गेला. "डोकं फिरलं का? दोन दाबले, मग पाच!"

"न्हाई न्हाई! पाच दाबले, मग दोन. पाच-दोन, बावन्न! मीच मनात मनलं, एवढे कोण देतं? गावात पंचवीस ऐकलं तवा वाटलं, तुमी नुसती फुशारकी मारून राहिले. अल्लाह भला करे!"

"दे हात!" मी दस्ती काढली. तो समोर, मी समोर, वर दस्ती. मी दाबलं. तो म्हणाला, "हे तर पाच." मी म्हणालो, "दोन आहेत!" तो म्हणाला, "तुमी दोन दाबता तवा सगळाच पंजा दाबून राहिले, अन् पाच दाबायला जाता तवा दस्तीत अडकून दोनच बोटं लागतात. पैलवान हात तुमचा!" पुन्हा दाबलं. पुन्हा पाच. धोंडा घशात तसाच ठेवून जावईबापू बघत होते की आपला सासरा भरदुपारी मिस्त्रीचा हात रुमालाखाली धरून काय करतोय.

आणि मग मला उमगलं. ढग, आरसा, गुबगुबीत कमोड, 'दिलदार'... पंचवीसात कुणी ढग देत नसतं हो! आणि सगळ्या गावाला मी पंचवीस सांगून बसलो होतो.

"थांबा," बायको म्हणाली. आत गेली आणि तांदळाच्या डब्यातून फडक्याची पुरचुंडी घेऊन आली. रशीदच्या हातावर ठेवली. "मोजून घे भाऊ. काम सोन्यासारखं केलंस."

"अगं, हे तर..."

"व्हय. अंगठीचेच हायेत."

जावयाच्या अंगठीचे! पुढं औक्षण होतं. तबकात निरांजन, कुंकू, सुपारी, आणि अंगठीच्या जागी काही नाही. मी घसा खाकरला. "जावईबापू, यंदाचं वाण म्हणजे... ते काय, समोरच आहे बघा. निळी फरशी. तुमचंच समजा."

जावईबापूंनी बाथरूमकडं बघितलं. मला वाटलं आता गाडीची चावी मागतात. बायकोनं तर पदर तोंडाला लावला. पण ते हसले. "छान आहे बाबा. मनापासून आवडलं." आणि ते उठून आत गेले. कडी वाजली. तासभर बाहेर आले नाहीत.

त्या दिवसापासून हेच. मी खुर्ची ओढून जवळ बसायचा अवकाश. "जावईबापू, ती फरशी आहे ना, ती बाजारात..." की हे उठलेच. "आलोच बाबा!" आणि कडी. मी घाबरलो. धोंडे बाधले असणार! दाराच्या फटीतून ओवा सरकवला, सुंठ सरकवली. आतून फक्त "थँक यू बाबा" यायचं.

पण ते गेले नाहीत! पाच दिवस झाले, सहावा उजाडला, वैशाली आईच्या मांडीवर डोकं ठेवून पडलेली आणि बायको तिच्या केसांत तेल घालते आहे. सोन्यासारखं दृश्य होतं ते. अंगठी गेल्याचं दुःख मी तिथंच विसरलो. तेवढ्यात बायको म्हणाली, "बघ, मी मनलं न्हवतं? मागच्या वेळी संडासापायीच गेले होते पाव्हणे."

वैशाली हसत सुटली. "आई, संडासाचं काय घेऊन बसलीस! दिवाळीत बाबांनी त्यांना बिजागऱ्यांचे भाव सांगितले. सकाळपासून संध्याकाळपर्यंत! त्यांचं डोकं चढलं होतं. म्हणाले, या घरात लपायला जागाच नाही. परसातल्या संडासात गेले, तर बाबा बाहेर उभे राहून पत्र्याचा भाव सांगत होते!"

बायको इतकी हसली की तेलाची वाटी लवंडली. मग हसता हसता माझ्याकडं बघून म्हणाली, "म्हंजी बावन्न हजार घातले, अन् कामाला आली काय, तर माझी कडी!"

मी ठरवलं, बास. यापुढं जावयासमोर भावाचा शब्द काढायचा नाही. दुपारभर ते पाळलं. संध्याकाळी जावईबापू निघायच्या तयारीत पाया पडले आणि म्हणाले, "बाबा, पुढच्या वेळी पंधरा दिवस राहू." मला भरून आलं. एवढा गुणी मुलगा! ते शेवटचं तोंड धुवायला आत गेले आणि माझ्यानं राहवेना. मी दाराशी गेलो, हळूच टकटक केलं.

"जावईबापू, एवढं एकच सांगतो. ती कडी आहे ना..."

आतून शॉवर पूर्ण सुटला. धो धो! माझा एक शब्द पलीकडं जाईना.

आता टाकीतलं ते पाणी टँकरचं होतं हो. ऐन उन्हाळ्यात, अख्ख्या हट्ट्यात कुणाला मिळाला नाही एवढ्या स्वस्तात पाडला होता मी तो टँकर. कितीला, सांगू?